पन्नास ड्रिपरचा परसबाग ठिबक संच: इंदूरच्या उन्हाळ्यात कितपत कामाचा?

हा संच घ्यावा, पण पेटीतून काढून जसाच्या तसा जोडू नये. त्यात एक वस्तू नाही आणि एक चुकीची आहे. आमच्या बागप्रेमी गटातल्या घरांत लावून पाहिल्यावर तयार झालेलं हे मत आहे.

पेटीत 16 मिमीची 10 मीटर मुख्य नळी, 4 मिमीची 20 मीटर बारीक नळी, 50 ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या छोट्या तोट्या), तेवढ्याच खुंट्या, नळीला भोक पाडायचा पंच, नळीचं टोक बंद करणाऱ्या दोन एंड कॅप आणि नळाचा जोड मिळतो. नळ्या काळ्या आहेत, हे चांगलं. पारदर्शक नळीत उजेड शिरतो, महिन्याभरात आत शेवाळ धरतं आणि मग एकेक ड्रिपर बंद पडत जातो.

नसलेली वस्तू म्हणजे गाळणी. 120 मेशची (इंचाला 120 छिद्रं असलेल्या जाळीची) गाळणी वेगळी घ्या आणि नळाला लागूनच बसवा. आपल्याकडे घरोघरी नर्मदेचं आणि बोरिंगचं पाणी एकाच टाकीत पडतं. टाकीच्या तळाचा गाळ गाळणी अडवते, पण बोरिंगच्या पाण्यातला क्षार विरघळलेला असल्याने ती त्याला अडवू शकत नाही. तो ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर होऊन बसतो. ड्रिपर खोलून पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या दातब्रशने घासा. सुई घालू नका. भोक मोठं झालं की त्या कुंडीत धार लागते आणि शेजारच्या कुंड्यांचं पाणी कमी होतं.

चुकीची वस्तू म्हणजे दाब सांभाळणारा, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी पाणी सारखंच सोडणारा ड्रिपर. तो शेतातल्या पंपासाठी, साधारण 1 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाबाचा हिशेब धरून बनवलेला असतो. गच्चीवरची टाकी परसातल्या नळापासून साडेतीन मीटर उंच असली तर दाब मिळतो जेमतेम 0.35 किलो. एवढ्यावर त्यातला रबरी पडदा नीट चालत नाही. दुकानात बदलून साधा, खोलता येणारा 2 लिटरचा ड्रिपर मागा. तोही टाकीच्या दाबावर तासाला 2 लिटर देत नाही, सव्वा लिटरच्या आसपास देतो. पेटीवरच्या आकड्यावर विसंबू नका. ड्रिपरखाली वाटी धरून सहा मिनिटांचं पाणी मोजा आणि त्याला दहाने गुणा. 120 मिली भरलं तर तासाला 1.2 लिटर झाले. पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन ड्रिपर मोजले की पुरतं.

शेवटचा ड्रिपर फार कमी देत असेल तर कारण बहुतेक वेळा बारीक नळी असते. 4 मिमीची नळी कुंडीमागून कुंडी ओढत नेली की घर्षणात दाब संपतो. 16 मिमीची मुख्य नळी कुंड्यांच्या रांगेबरोबर न्या आणि प्रत्येक कुंडीला तिच्यातून स्वतंत्र फाटा द्या. फाटा मीटरपेक्षा लांब नको. नळी जोडावर चढत नसेल तर टोक गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, अलगद सरकतं. मेणबत्तीने तापवाल तर तिथेच चिरते.

मे महिन्यात 12 इंची कुंडीतल्या मोगऱ्याला किंवा टोमॅटोला दिवसाला लिटर-सव्वा लिटर लागतं. सकाळी सहाला अर्धा तास आणि सूर्य कलल्यावर अर्धा तास, एवढं बस. पन्नास ड्रिपरना मिळून दिवसाला साठेक लिटर होतात. नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरच्या जलूदच्या पंपिंग केंद्राहून चढवून आणलेलं आहे, ते फरशीवर वाहू देणं बरं नव्हे. दुपारी नळ सोडू नका, नळीत तापलेलं पाणी आधी मुळांवर पडतं.

कुंडी आणि जमीन यांचा हिशेब मात्र वेगळा. कोकोपीटच्या मिश्रणात पाणी सरळ खाली उतरतं, म्हणून 14 इंचांपासून पुढच्या कुंडीला दोन ड्रिपर समोरासमोर लावा. माळव्याच्या काळ्या मातीत ओल आडवी पसरते, तिथे गिलकी (घोसाळी)-दोडक्याच्या वेलांना 45 सेंटीमीटरवर एक ड्रिपर पुरतो. अडचण येते ती भेगांची. एप्रिलमध्ये तडकलेल्या मातीत ठिबकचं पाणी भेगेतून थेट खोल जातं आणि वेल सुकलेलाच राहतो. आधी खुरप्याने भेगा मोडून त्यात कुजलेलं शेणखत भरा, भरपूर पाणी देऊन माती बसू द्या, दोन-तीन इंच पाचोळा पसरा आणि त्यानंतरच ड्रिपर ठेवा. पाचोळ्याविना ठिबक लावणं म्हणजे अर्धंच काम.

खारी बारीक नळ्या कुरतडतात, आणि त्या बऱ्याचदा तहानेपोटी. नळी पाचोळ्याखाली घ्या आणि जवळच पाण्याचं मातीचं भांडं भरून ठेवा. त्रास बराच कमी होतो.

पाणी ठरल्या वेळी आपोआप सोडणारा टायमर घ्यायचा असेल तर बॉल व्हॉल्व्हचा, म्हणजे आतला गोळा फिरवून पाणी सोडणारा घ्या. सोलेनॉइडचे (विजेच्या चुंबकाने झडप उघडणारे) बरेचसे टायमर इतक्या कमी दाबावर उघडतच नाहीत. चार-पाच घरांनी मिळून खरेदी करावी हे उत्तम: 16 मिमीची नळी अख्खी गुंडाळी घेतल्यास स्वस्त पडते, पंच एकच पुरतो आणि उरलेल्या टी, एल्बो या जोडांची अदलाबदल होते.

जूनच्या मध्यावर पाऊस लागला की एंड कॅप काढून मुख्य नळी पूर्ण दाबाने धुवा, ड्रिपर व्हिनेगरमधून काढून वाळवा आणि गुंडाळी सावलीत टांगून ठेवा.