नागपूरच्या सीताबर्डीत लॅपटॉपला 'ग्राफिक कार्ड' बसवून घेणाऱ्यांनी हे वाचा

मे महिन्यात सीताबर्डीतल्या एका लॅपटॉप रिपेअरवाल्याने मला साडेसहा हजारांना बुडवलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. पण त्याने काय केलं ते लिहितोच, सुट्ट्यांत जुना लॅपटॉप घेऊन तिकडे जाणारी पोरं बरीच असतात.

लॅपटॉप २०१६ साली घेतलेला. आय३-५००५यू प्रोसेसर, रॅमच्या, म्हणजे चालू कामाच्या मेमरीच्या, ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या, ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र काढणारा भाग) इंटेलचंच, एचडी ५५००. बारावीची परीक्षा झाली की आपण 'सिव्हिलायझेशन ६' हा आळीपाळीने चाली खेळायचा साम्राज्य उभारण्याचा गेम खेळू, असा शब्द धाकट्या भावाला दिला होता. गेमला किमान २.५ गिगाहर्ट्झचा आय३ आणि १ जीबीचं कार्ड लागतं. आमचा प्रोसेसर २ च्या वर जात नाही. सुरुवातीला निभायचं. पुढे नकाशा भरला की 'नेक्स्ट टर्न' दाबून ताटकळत बसावं लागे, आणि लॅपटॉप तापून हात लावू देत नसे.

दुकानदार म्हणाला, "भाऊ, दोन जीबीचं ग्राफिक कार्ड टाकून देतो. गेम मक्खन चालन, टेन्शन नका घेऊ." संध्याकाळी त्याने डिस्प्लेच्या प्रॉपर्टीज उघडून आकडा दाखवला: एकूण ग्राफिक्स मेमरी, २ जीबीच्या जराशी वर. मी पैसे मोजले आणि मेट्रोने घरी आलो.

गेम उघडायलाच आधीपेक्षा जास्त वेळ लागला. भाऊ म्हणाला, "दादा, हा तं पहिल्यापेक्षा बेकार झाला." विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरी पाहिली तर ४ जीबी, पट्टी बसवायच्या दोन स्लॉटपैकी एकच वापरात. मागचं झाकण उघडलं. सगळीकडे धुळीचा थर, आणि दुसरी पट्टी जिथे होती तेवढीच जागा लख्ख.

त्या २ जीबीचा उलगडा तेव्हा झाला. इंटेलच्या या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं आणि विंडोज साधारण निम्मी रॅम त्याच्या नावावर दाखवतं. ८ जीबी होती तेव्हा तिथे ४ च्या वर आकडा असणार. पट्टी काढल्यामुळे तो २ वर आला, आणि माझी चोरी त्याने मलाच नवं कार्ड म्हणून दाखवली! वर दोन पट्ट्या मिळून जो वेग देतात तोही गेला. ग्राफिक्सचं नाव अजूनही एचडी ५५००च होतं. हे ग्राफिक्स प्रोसेसरच्या आत असतं, प्रोसेसर मदरबोर्डवर सोल्डर केलेला. आमच्यासारख्या साध्या लॅपटॉपमध्ये वेगळं कार्ड बसवायला जागाच नसते. कोणी बसवतो म्हणाला तर लॅपटॉप उचला आणि निघा.

दुसऱ्या दिवशी गेलो तर, "एकच पट्टी होती, भाऊ." माझ्याकडे पुरावा काय?

नंतर जुन्या बाजारातून ४ जीबीची पट्टी घेतली, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) बदलली, धूळ काढली. नागपूरच्या ४५ अंशांत याचाच सगळ्यात जास्त फरक पडला, कारण तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. आता आम्ही सगळ्यात लहान नकाशांवर, मोजके प्रतिस्पर्धी ठेवून, स्ट्रॅटेजिक व्ह्यूमध्ये, म्हणजे साध्या सपाट नकाशावर, खेळतो. गेम शेवटपर्यंत जातो.

लॅपटॉप दुकानात सोडण्याआधी रॅमच्या स्टिकरचे फोटो काढा, दोन्ही पट्ट्यांचे नंबर बिलावर लिहून घ्या. माझ्या बिलावर फक्त 'सर्व्हिसिंग' लिहिलंय. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार दिली तेव्हा सगळं त्या एका शब्दापाशी अडलं.