दोन पासपोर्ट की एक पासपोर्ट आणि कायमचा रहिवास?

परदेशात मूळ धरलेल्या माणसापुढे बहुधा दोन वाटा असतात. तिथलं नागरिकत्व घेऊन जुनंही ठेवायचं, किंवा जुन्याच पासपोर्टवर कायमच्या रहिवासाचा परवाना वापरत राहायचं.

रोजच्या जगण्यात दोन्हींत फार फरक नाही. नोकरी, घर, मुलांची शाळा सगळं परवान्यावरही होतं. मत मात्र बहुतेक देशांत देता येत नाही. खरा फरक कळतो तो बाहेर पडल्यावर. आजारी आईवडिलांपाशी दोन वर्षं राहून परतलात, तर बऱ्याच देशांत परवाना गेलेला असू शकतो. नागरिकाला सहसा असं परत पाठवता येत नाही. माझ्या मते दुसऱ्या पासपोर्टच्या बाजूने एवढा एकच मुद्दा पुरेसा वजनदार आहे.

आता दुसरी बाजू. अडचणीत सापडलो तर दोन सरकारं धावून येतील, असं अनेकांना वाटतं. होतं उलटं. दोघांपैकी एका देशातच अडकलात, तर तो देश तुम्हाला फक्त आपलाच नागरिक धरतो आणि दुसऱ्याला मध्ये पडू देत नाही. 1930 च्या हेग करारातलंच हे तत्त्व. इराण तर दुहेरी नागरिकत्व मानतच नाही. ब्रिटिश-इराणी नाझनीन झगारी-रॅटक्लिफ 2016 मध्ये तेहरानला पकडल्या गेल्या आणि 2022 मध्ये घरी पोहोचल्या. शिवाय ब्रिटनसारखे देश राष्ट्रहिताच्या नावाखाली नागरिकत्व काढून घेतात तेव्हा माणूस कुठल्याच देशाचा नागरिक न उरण्याची अडचण असते. दुसरा पासपोर्ट ती अडचण दूर करतो, सरकारची!

कराची भीती मुख्यतः अमेरिकेपुरती. तिथला नागरिक कुठेही राहिला तरी विवरणपत्र भरावंच लागतं. पण ग्रीन कार्डवाल्यालाही तेच लागू, त्यामुळे नागरिकत्व टाळून सुटका नाही.

राजकारणात पडायचं असेल तर आधी नियम वाचा. वडिलांमुळे न्यूझीलंडचे नागरिक ठरल्याने ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे उपपंतप्रधान बार्नबी जॉइस यांची खासदारकी 2017 मध्ये गेली. ते नागरिकत्व सोडून पोटनिवडणुकीत ते पुन्हा निवडून आले, ही गोष्ट वेगळी.

निष्ठा विभागली जाते, हा विरोधकांचा आवडता आक्षेप मला पोकळ वाटतो. जर्मनीने त्यावर वर्षानुवर्षं वाद घातला आणि 27 जून 2024 पासून सर्वांना मुभा दिली. जिथे राहत नाही तिथल्या सरकारसाठी मत द्यावं का, हा प्रश्न मात्र टोचणारा आहे.

भारतीयांना ही निवडच नाही. 1955 च्या कायद्यानुसार स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं. मग उरतं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड: येण्याजाण्याला आयुष्यभर व्हिसा नको, पण मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. तेव्हा तुलना दोन पासपोर्टांशी नव्हे, तर भारतीय पासपोर्टसह परवाना आणि परदेशी पासपोर्टसह ओसीआय यांच्यात करायची. गावाकडे शेतजमीन घ्यायचा बेत असेल, तर जुना पासपोर्टही पुरत नाही: परदेशात स्थायिक झालेल्या भारतीय नागरिकालाही ती विकत घेता येत नाही.