बीगल घेऊन आइल ऑफ वाइट: कुठे चालावं, कुठे टाळावं

निकाल आधीच सांगून टाकते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोरच्या या बेटावर कुत्र्याला घेऊन डोंगरावर चालायचं असेल तर सरळ पश्चिम टोक गाठा. पूर्वेकडचं कल्व्हर डाउन (डाउन म्हणजे इथली खडूची गवताळ टेकडी) म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी ठेवा. दक्षिणेची अंडरक्लिफची, म्हणजे कड्याखालच्या घसरत्या जमिनीवरची, वाट माझ्या यादीतून बाद. देखाव्याचं म्हणाल तर समुद्र कुठल्याही टेकाडावरून दिसतो, त्यासाठी वाटा पारखायची गरज नाही. पायाखाली काय आहे, फाटक कसलं आहे, पुढच्या कुरणात कोण चरतंय आणि कडा किती जवळ आहे, यावर कुत्र्याबरोबरचा दिवस कसा जाणार ते ठरतं.

आमची चकली बीगल आहे. वास लागला की तिचे कान बंद होतात. त्यामुळे हाकेसरशी परत येणाऱ्या गुणी कुत्र्यांच्या मालकांना माझं म्हणणं जरा भित्रं वाटेल. वाटू दे.

बेटावर जायच्या फेरीबोटी तीन-चार ठिकाणांहून सुटतात, पण चालणाऱ्यांनी लिमिंग्टन-यारमाउथचीच धरावी. 40 मिनिटांचा प्रवास, बोटीवर कुत्र्यांसोबत बसायला वेगळी जागा, आणि उतरल्यावर पायवाट जवळजवळ धक्क्यापासूनच सुरू. गाडी नेण्याचं भाडं तारीख आणि वेळ बघून ठरतं, आणि शाळांच्या सुट्टीत ते बघून डोळे पांढरे होतात. आम्ही गाडी अलीकडच्या किनाऱ्यावरच ठेवतो. नवऱ्याला हे अजून पटलेलं नाही, कारण पाण्याच्या बाटल्या त्याच्या पाठीवर असतात.

यारमाउथहून दक्षिणेला फ्रेशवॉटरकडे जाणारी वाट जुन्या रेल्वेमार्गावरून जाते. ही रेल्वे 1953 मध्ये बंद पडली, रूळ गेले, सपाट रस्ता उरला. एका अंगाला यार नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला झाडी. गुडघे दुखणाऱ्या माणसांना आणि आखूड पायांच्या कुत्र्यांना याहून सोयीची वाट बेटावर मला तरी सापडली नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, सायकली मागून गुपचूप येतात, तेव्हा लीश आखूड धरा. दुसरं, ओहोटीला खाडीचा काळा चिखल उघडा पडतो. तो दिसतो घट्ट आणि असतो लोण्यासारखा. त्यात उतरलेल्या एका लॅब्रडोरला त्याची मालकीण टिश्यू पेपरने पुसत होती. मला तिचं कौतुक वाटलं, पण पिशवीभर ओल्या चिंध्या बरोबर असत्या तर जास्त बरं झालं असतं.

ही नदीही गमतीची आहे. तिचा उगम दक्षिण किनाऱ्याला अगदी खेटून, फ्रेशवॉटर बेच्या पाठीमागे, पण जवळचा समुद्र सोडून ती उलटी उत्तरेला वाहते आणि यारमाउथला सोलंटच्या सामुद्रधुनीत जाते. बेटाचं हे टोक ती जवळजवळ कापूनच काढते. म्हणून नदीकाठाने गेलं की चढ न लागता तुम्ही एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पोचता, आणि कुत्रं ताजंतवानं असतानाच खरा चढ समोर येतो.

तो चढ म्हणजे टेनिसन डाउन. उंची जेमतेम 147 मीटर. गड चढणाऱ्यांना हसू येईल, पण या 147 मीटरची दक्षिणेची बाजू थेट समुद्रात उभी तुटलेली आहे आणि बहुतेक ठिकाणी कठडा नाही. माथ्यावर दाट, आखूड गवत. ते आखूड राहतं सशांमुळे आणि चरणाऱ्या गुरांमुळे. आता जिथे ससे तिथे बिळं, आणि जिथे बिळं तिथे बीगल काय करणार हे सांगायला नको. खडूचा कडा आतून पोखरला गेला तरी वरची गवताची झालर तशीच दिसते. म्हणून इथे चकलीची लीश मी कधीच सोडत नाही, आणि तुमचं कुत्रं कितीही शहाणं असलं तरी कड्याच्या बाजूला सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. माथा रुंद आहे. उत्तरेच्या उताराकडे सरकून चाललं तर समुद्र तेवढाच दिसतो आणि जीव टांगणीला लागत नाही.

खडूच्या डोंगराचे आणखी दोन गुण कुत्र्याला थेट भोवतात. पहिला पाण्याचा. पाऊस पडला की पाणी खडूत मुरून जातं, त्यामुळे वर ना ओढा ना झरा. सावलीही नाही. घोट घोट करत कुत्रं किती पाणी पितं ते उन्हाच्या दिवशी कळतं. आपण दोघं आणि ते, असे तिघांचे हिशेब करून पाणी घ्या. दुसरा गुण गारगोटीचा. खडूत फ्लिंटचे गोटे असतात. ते फुटले की कडा काचेसारखी धारदार होते, आणि पायवाट जिथे झिजून पांढरी पडलीय नेमके तिथेच हे तुकडे वर आलेले असतात. माथ्यावर पोचलो की मी चकलीचे चारही पंजे उलटे करून बोटांच्या मधल्या बेचक्या बघते. एकदा मधल्या गादीला अर्ध्या नखाएवढी चीर होती. ती लंगडत नव्हती, नुसतं चाटत होती, त्यामुळे बघितलं नसतं तर कळलंच नसतं. तेव्हापासून वाट सोडून शेजारच्या गवतातूनच चालवते. ओल्या दिवशी तोच खडू पंजांना लागून वाळतो आणि आमची तिरंगी बीगल पांढरे मोजे घातल्यासारखी दिसते. तो नुसत्या पाण्याने निघतो, फक्त गालिच्यावर जायच्या आधी काढावा.

माथ्यावर ग्रॅनाइटचा मोठा क्रूस आहे, 1897 चा. पायथ्याच्या घरात राहणारा कवी टेनिसन इथे नेमाने फिरायला येई, त्याच्या स्मरणार्थ तो उभारला आणि डोंगराचं हाय डाउन हे जुनं नाव मागे पडलं. टोकाकडे गेलं की काँक्रीटचे ओसाड चौथरे दिसतात. ब्रिटनने स्वतःच्या रॉकेटने सोडलेला एकमेव उपग्रह, प्रॉस्पेरो, 1971 मध्ये ऑस्ट्रेलियातून उडाला. त्या ब्लॅक ॲरो रॉकेटची इंजिनं आधी इथे तपासली जात. इतक्या शांत जागी केवढा आवाज होत असेल! चकलीला त्या चौथऱ्यांवर कोण कोण येऊन गेलं याचीच उत्सुकता जास्त.

पुढे नीडल्स, म्हणजे समुद्रातले ते तीन पांढरे सुळके आणि टोकावरचं 1859 चं दीपगृह. सुईसारखा दिसणारा चौथा सुळका 1764 च्या वादळातच कोसळला. फ्रेशवॉटर बेपासून इथवर साधारण 5 किलोमीटर. खालच्या ॲलम बेमध्ये रंगीत वाळू, खुर्च्यांचा रोपवे आणि सुट्टीच्या दिवशी जत्रा. बिचकणाऱ्या कुत्र्याला तिथे नेऊ नका. परतीला बस मिळते, हंगामात उघड्या टपाचीही. कुत्र्याला आत घ्यायचं की नाही हे शेवटी ड्रायव्हरच्या हातात असतं. आम्हाला कोणी नाही म्हटलेलं नाही, पण चिखलाचं कुत्रं घेऊन मी त्याची परीक्षा बघत नाही.

कुरणांबद्दल थोडं. इंग्लंडात अशा खुल्या डोंगराळ जमिनींवर 1 मार्च ते 31 जुलै लीश लावणं बंधनकारक असतं आणि ती 2 मीटरहून लांब नको, कारण चंडोलासारखे पक्षी जमिनीवरच घरटी करतात. गुरं-मेंढ्यांजवळ हा नियम बारा महिने. मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्यावर शेतकऱ्याने गोळी झाडली तर काही परिस्थितींत कायदा शेतकऱ्याच्या बाजूने असतो, तेव्हा 'आमचं काही करत नाही हो' हे वाक्य घरी ठेवून यावं. वासरं असलेल्या गाई मात्र उलट कुत्र्याच्या अंगावर येतात. तशी वेळ आलीच तर लीश सोडून द्यायची. कुत्रं पळून वाचतं, आपण धरून ठेवलं तर दोघंही सापडतो. चरणारी गुरं आणि आपण यांच्यात फाटक असेपर्यंतच ती गोड दिसतात.

दक्षिणेला सेंट कॅथरिन्स टेकडीवर मिरपूडदाणीसारखा अष्टकोनी दगडी मनोरा आहे, लोक त्याला पेपरपॉटच म्हणतात. 1313 मध्ये खाली एक जहाज फुटलं, त्यातली दारू मठाची होती, ती परस्पर घेतल्याबद्दल इथल्या जमीनदाराला प्रायश्चित्त म्हणून दिवा लावायचा मनोरा बांधावा लागला. शेजारी 1785 मध्ये दुसरं दीपगृह बांधायला घेतलं आणि अर्धवट सोडलं, कारण माथा सारखा धुक्यात जातो. आम्हाला दहा मिनिटांत आपलीच लीश कुठे संपते ते दिसेनासं झालं होतं. स्वच्छ दिवस असेल तर चढ छोटा आणि मजेचा. ढग खाली असतील तर जाऊ नका.

अंडरक्लिफ मी का टाळते ते ऐका. इथे वर खडू आणि वालुकाश्म, आणि खाली निळसर चिकणमातीचा थर. पाणी वरून झिरपतं, मातीवर अडतं, आणि वरचा सगळा भार त्या गुळगुळीत थरावरून घसरतो. स्थानिक लोक त्या मातीला 'ब्लू स्लिपर' म्हणतात ते उगीच नाही. 2023 च्या डिसेंबरात बॉनचर्चजवळ मोठी जमीन खचली. जुन्या नकाशातली वाट जागेवर असेलच असं नाही, आणि अर्ध्यातून परत फिरायचं म्हणजे कुत्र्याला उंच पायऱ्यांवरून उचलून न्यायचं. गेलातच तर बंद वाटांची ताजी माहिती बघून जा.

कल्व्हर डाउनवर गाडी थेट वर जाते. 104 मीटरवरून दोन्ही बाजूंचा समुद्र, सपाट गवत, स्मारकाचा उंच खांब. दमलेलं कुत्रं, दमलेले सासू-सासरे, दोघांनाही चालेल. कडा इथेही आहे.

राहण्याबद्दल एक तक्रार. आम्ही घेतलेल्या कॉटेजच्या जाहिरातीत कुत्र्यांचं स्वागत होतं. पोचल्यावर कळलं की स्वागताचे रात्रीमागे 15 पाउंड, बैठकीच्या खोलीत कुत्र्याला मनाई, आणि बागेच्या कुंपणाला बीगल सहज जाईल एवढं भोक. बुकिंग करण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा: वेगळे पैसे किती, कुठल्या खोल्या चालतील, कुंपण चारी बाजूंनी बंद आहे का. समुद्रकिनाऱ्यांचंही तसंच. उन्हाळ्यात काही किनाऱ्यांवर कुत्र्यांना बंदी असते, पाटी वाचूनच उतरा.

माझे गुण: टेनिसन डाउनला पाचपैकी साडेचार, अर्धा पाण्याअभावी कापला. यारची वाट चार. सेंट कॅथरिन्स हवेप्रमाणे दोन ते चार. कल्व्हर साडेतीन. जायचंच तर सप्टेंबरात जा, शाळा उघडलेल्या असतात आणि फेरीबोटीचं भाडंही जरा माणसात येतं. संध्याकाळी खोलीवर आल्यावर आधी कुत्र्याचे कान, काखा आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासा, चहा नंतर.