साइटला आणि गडावर एकच बूट: नऊ महिने वापरून

मागच्या जूनमध्ये घेतलेल्या बुटांना आता नऊ महिने झाले, म्हटलं नीट लिहून ठेवावं, कारण मी शोधत होते तेव्हा दोन्हीकडे एकच जोड चालतो का याचं धड उत्तर कुठेच मिळत नव्हतं. मी पुण्याजवळ एका बिल्डिंग साइटवर इंजिनिअर आहे, आठवडाभर सेंट्रिंग (स्लॅब ओतायला लागणारा फळ्यांचा साचा), सळ्या, स्लॅब आणि रविवारी जमेल तसा गड. बजेट अडीच हजाराच्या आत, आणि त्यात दोन वेगळे जोड बसत नव्हते.

आधीचे बूट साइटवर मिळालेले, स्टील टोचे, म्हणजे बोटांवर स्टीलची टोपी असलेले, साधे सेफ्टी शूज. माझा नंबर ५, पण लॉटमध्ये ६ च्या खाली काही नव्हतंच (बायकांच्या मापाचे सेफ्टी शूज मिळणं हा एक वेगळाच त्रास आहे), म्हणून ६ घेतले आणि तेच घालून राजगडला गेले. गुंजवणेतून चोर दरवाजाने चढताना काही वाटलं नाही, पण उतरायला लागल्यावर प्रत्येक पावलाला अंगठा स्टीलवर आपटत होता, खाली येईपर्यंत दोन्ही नखं काळीनिळी झाली, त्यातलं एक दीड-दोन महिन्यांनी पडलं. तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की स्टील टो ट्रेकला घालायचेच नाहीत, आणि मलाही तेच खरं वाटलं.

पण तसं नव्हतं. बूट पुढून लहान नव्हता, मागून सैल होता. टाच धरून ठेवली जात नव्हती त्यामुळे उतारावर अख्खा पाय पुढे सरकत होता. हे कळलं ते नवीन बूट घेताना, दुकानातल्या काकांनी लेस सोडून पाय पुढे ढकलायला लावला आणि टाचेमागे बोट घालायला सांगितलं, एक बोट जेमतेम गेलं पाहिजे. मग लेस आवळून दुकानाशेजारच्या पार्किंगच्या रॅम्पवर चारपाच वेळा खाली चालून बघितलं, अंगठा पुढे लागला नाही तेव्हाच पैसे दिले. संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात, आणि ट्रेकला घालता तेच जाड मोजे घालून जा. सकाळी पातळ मोज्यांवर घेतलेले बूट दुपारनंतर चावतातच.

मी घेतलेले बूट घोट्यापर्यंतचे आहेत, कंपोझिट टो (टोपी स्टीलची नाही, कडक प्लास्टिक-फायबरची), तळाला रबर, ५ नंबर, २,२५० रुपये. साइटसाठी आयएसआय मार्क आणि आयएस १५२९८ भाग २ (सेफ्टी शूजचं भारतीय मानक) एवढं बघितलं. या भागातल्या टोला २०० ज्यूलचा मार सोसावा लागतो, म्हणजे साधारण २० किलोची वस्तू एक मीटरवरून पडली तर तेवढा. शिवाय खिळा आरपार जाऊ नये म्हणून आत प्लेट आहे का ते वेगळं विचारा, सगळ्यांत नसते. सेंट्रिंगच्या फळ्या काढल्यावर उलटे पडलेले खिळे ज्यांनी बघितलेत त्यांना ही प्लेट का लागते ते सांगायला नको.

आता सोल. माझं म्हणणं एकच आहे, कमी पैसे असतील तर सगळे सोलमध्ये घाला, वॉटरप्रूफ वगैरेत नाही. कडक प्लास्टिकसारखा पीव्हीसी सोल पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर साबणासारखा घसरतो. नख दाबून बघा, थोडं तरी आत गेलं पाहिजे. पीयू (पॉलियुरेथेन) सोल हलका आणि मऊ असतो, साइटवर दिवसभर उभं राहायला छान, पण त्याला दमट हवा आतून खाते. माझ्या भावाने तीनेक वर्षं माळ्यावर पडलेले बूट हरिश्चंद्रगडाला काढले, खिरेश्वरहून निघालो आणि तोलार खिंडीच्या आतच सोलचे ढलपे पडायला लागले, उरलेलं अंतर तो नायलॉनची दोरी बांधून चालला. बूट जवळजवळ न वापरलेले होते! म्हणून सेलमध्ये जुना स्टॉक स्वस्त मिळतोय म्हणून उचलू नका, आधी बनवल्याची तारीख बघा.

आणि घेतल्या घेतल्या, एकदाही न वापरता मोचीकाकांकडे नेऊन सोल चारी बाजूंनी शिवून घेतला, १५० रुपये लागले. ते बाजूच्या कडेतून शिवतात, तळातून नाही, त्यामुळे आतल्या प्लेटला काही होत नाही. फक्त टो कॅपजवळ सुई जात नाही, तिथे सोल्यूशनच. आणि बरोब्बर तिथेच ऑक्टोबरमध्ये डावा बूट तोंड उघडायला लागला, परत चिकटवला. शिवलेला भाग अजून जसाच्या तसा आहे.

टाक्यांमुळे थोडं पाणी आत येतं, येऊ दे. सह्याद्रीतल्या पावसात पाणी वरूनच आत जातं आणि वॉटरप्रूफ बुटात ते मग बाहेर पडत नाही. घरी आल्यावर इनसोल काढायचा, आत पेपरचे बोळे कोंबायचे, रात्री एकदा बदलायचे, उन्हात किंवा गॅसजवळ ठेवायचे नाहीत. सिमेंटचा गाळ लागला तर त्याच दिवशी धुवायचा, नाहीतर चामडं कडक होऊन वाकतं तिथे तडकतं, माझ्या उजव्या बुटाला एक चीर गेलीच आहे.

तक्रारी आहेत. वजन, घरच्या काट्यावर जोड १ किलो १८० ग्रॅम भरला, कळसूबाईला शेवटच्या शिडीपर्यंत मांड्या भरून आल्या. सोबत आलेला इनसोल तीन महिन्यांत चपटा झाला, २५० चा वेगळा घातला तेव्हा टाचदुखी थांबली. जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली नाही, घसाऱ्यावर बारीक खडे आत जातात. आणि पहिले पंधरा दिवस टाचेला फोड आले, तेवढे दिवस फक्त साइटवर घाला, नवेकोरे बूट घेऊन थेट गडावर जाऊ नका.

पण राजगडला परत गेले जानेवारीत, तोच उतार, उतरायच्या आधी नखं कापलेली आणि घोट्याजवळची शेवटची दोन भोकं घट्ट आवळलेली. अंगठा एकदाही आपटला नाही, टो कॅप असूनसुद्धा.

सध्या दोन्ही टाचा बाहेरच्या बाजूने झिजल्यात. मे मध्ये रबर लावून घेणार आहे, मोचीकाका म्हणाले अजून एक पावसाळा निघेल.