ग्रामोफोनच्या रबरापायी १२,५०० गेले, वर सॅम्पलही गेलं

बडोद्यात जुने ग्रामोफोन दुरुस्त करत असाल तर वाचा, डोकं अजून तापलेलंच आहे. आजोबांच्या मशीनचा एक्झिबिशन मॉडेलचा साउंडबॉक्स (सुई धरून आवाज काढणारी गोल डबी), अभ्रकाचा पडदा शाबूत पण मागचा रबर दगड झालेला आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या रबरी नळ्यांचा चुरा, आवाज नुसता फरफर. तयार रबर बसेना म्हणून ओतून घ्यायचं ठरवलं. एकजण भेटला, म्हणाला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) युनिट आहे, सॅम्पल द्या. मोल्डचे, म्हणजे साच्याचे, ६,५०० अ‍ॅडव्हान्स घेतले. मोल्डला पैसे लागतातच, कोणीही दिले असते.

मग व्हिडिओ आला, "तुमच्या रबरावरच प्लॅटिनम सिलिकॉन ओतलं, सकाळी मोल्ड तयार", आणि मोल्ड आतून चकाचक! अरे, तिथेच सगळं उघडं पडत होतं. जुन्या रबरात व्हल्कनाइज (पक्कं) करताना घातलेलं गंधक असतं, त्याला लागून प्लॅटिनम सिलिकॉन, म्हणजे प्लॅटिनमच्या जोरावर घट्ट होणारं, सेट होत नाही, चिकटच राहतं; मग मोल्ड चकाचक कसा? म्हणून टिनवालं सिलिकॉन घेतात नाहीतर प्लास्टिकचा मास्टर (साच्यासाठी नमुना) बनवतात. मी विचारलं होतं हो! तर म्हणे "काका, आमचं मटेरियल इम्पोर्टेड आहे." माणूस चांगलं मराठी बोलतोय, दांडिया बाजारातल्या ओळखी सांगतोय, किती संशय घ्यायचा? मटेरियलचे ४,२०० दिले, पॅकिंग-कुरिअरचे १,८०० दिले. रबर किती शोअरचा (शोअर म्हणजे कडकपणाचं माप) हवा हे त्याने एकदाही विचारलं नाही, खरा ओतणारा पहिलं तेच विचारतो, लक्षात ठेवा.

पार्सलमध्ये नळाचे वॉशर. फोन बंद, त्या शेडमध्ये भलत्याच माणसाचं काम चालू.

चौकीवर म्हणाले ऑनलाइन पैसे दिलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले माल मिळालाय ना, मग हा तुमचा आपसातला व्यवहार. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. चौकीवर परत गेलो तर साहेब हसून म्हणतात, "रबराच्या तुकड्यासाठी एवढं?" तुकडा? नव्वद वर्षांपूर्वीची वस्तू आहे ती, आणि चोर चोरच असतो ना, की किंमत बघून कलम लावता? साधी अर्जाची पोच द्यायला टाळाटाळ! पोच घेतल्याशिवाय उठू नका. पैसे गेले की त्याच तासात १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मी तिथे टाकतोय.

आणि मूळ सॅम्पल कुणाच्या हातात देऊ नका, आधी व्हर्नियरने मापं घेऊन ठेवा, फोटो काढा. माझं सॅम्पलच गेलं, आता माप कुठून आणू. कोणाकडे एक्झिबिशनचा मागचा धड रबर असेल तर बाहेरचा-आतला व्यास आणि जाडी तेवढी इथे लिहा, वस्तू मागत नाहीये.