खेळाडूंच्या स्वभावाची जनुकीय चाचणी: एक अभिप्राय

सणस मैदानावर धावण्याचा सराव करणाऱ्या माझ्या मुलीसाठी पुण्यातील एका प्रयोगशाळेकडून आम्ही जनुकीय चाचणी करून घेतली. लाळेचा नमुना देणे सोपे होते आणि अहवालही वेळेवर मिळाला.

माझा आक्षेप आहे तो अहवालातील स्वभावविषयक भागावर. सीओएमटी या एका जनुकावरून तिथे मुलीला ‘दडपणाखाली डगमगणारी’ ठरवले आहे. हे जनुक डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) घडवते आणि त्या विकरात १५८व्या स्थानी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन हे अमिनो आम्ल असल्यास त्याची क्रियाशीलता कमी होते, इथपर्यंतचे विज्ञान पक्के आहे. परंतु त्यावरून एखादी मुलगी अंतिम शर्यतीत कशी वागेल हे सांगता येत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांच्या स्वभावातील फरकांपैकी सुमारे ४० ते ५० टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडता येतो, मात्र तो असंख्य जनुकीय बदलांत विखुरलेला असून एकेका बदलाचा वाटा अत्यल्प असतो. अहवालात याचा उल्लेखही नाही, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ही त्रुटी मला गंभीर वाटते, कारण असा शिक्का मुले मनावर घेतात.

गुणवत्ता हेरण्यासाठी अशा चाचण्या वापरू नयेत, असे तज्ज्ञांच्या गटाने २०१५ मध्येच ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मधील निवेदनात स्पष्ट केले होते. बालेवाडीत किंवा अन्यत्र सराव करणाऱ्या मुलांच्या पालकांना मी ही सेवा सुचवणार नाही. तोच पैसा चांगल्या क्रीडा-मानसशास्त्रज्ञाच्या भेटींवर खर्च करावा.