ऑर्ग-मोडमधील तक्ते : दीर्घ वापरानंतरचे परीक्षण

साध्या मजकुरात लिहिलेल्या तक्त्याला दोन वाचक असतात. त्यापासून तयार झालेले पान पाहणाऱ्याला तो नेहमी नीटनेटकाच दिसतो, कारण तेथे रकान्यांची रुंदी ब्राउझर ठरवतो. मूळ फाइल उघडणाऱ्यापुढे मात्र, एखाद्या सेलमध्ये दोन शब्द वाढलेले असले की, उभ्या रेघा वेड्यावाकड्या सरकलेल्या असतात आणि कोणता आकडा कोणत्या रकान्यातला हे मोजत बसावे लागते. साध्या मजकुरातील खुणांवरून वेबपान तयार करणाऱ्या मार्कडाउनच्या २००४ मधील मूळ रचनेत तक्त्यांसाठी खूणच नव्हती. उभ्या रेघांचे तक्ते नंतरच्या विस्तारांतून आले आणि त्यांत रेघा एकाखाली एक असण्याची सक्ती नसल्यामुळे, विस्कटलेला तक्ताही पानावर बिनतक्रार उमटतो. मूळ मजकूर वाचनीय ठेवण्याची जबाबदारी मग संपादकावर, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरवर, येते आणि ती ईमॅक्स या संपादकातील, टिपणे व तक्ते लिहिण्यासाठीचा ऑर्ग-मोड किती पेलतो, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये लिहायला घेतलेला ऑर्ग-मोड पुढे ईमॅक्सचाच भाग झाला. त्याच्या तक्त्याची सारी गंमत टॅब या एका कळीत आहे. सेलमध्ये मजकूर लिहून टॅब दाबला की कर्सर पुढच्या सेलमध्ये जातो आणि त्याच क्षणी संपूर्ण तक्ता नव्याने आखला जातो. ज्या रकान्यात बहुतांश आकडे आहेत तो न सांगता उजवीकडे लावला जातो, आणि ओळीच्या आरंभी उभी रेघ व एक वजाचिन्ह टाकून टॅब दाबल्यास पूर्ण रुंदीची आडवी रेघ तयार होते. ऑल्ट आणि बाणाच्या कळींनी रकाना किंवा ओळ उचलून हलवता येते. स्वल्पविरामांनी विभागलेला मजकूर निवडून एका आज्ञेने त्याचा तक्ताही करता येतो. सूत्रे लिहून बेरजा-गुणाकार करण्याची सोय आहे, पण वाचनीयतेशी तिचा संबंध थोडाच.

लांब वाक्यांपुढे मात्र ही व्यवस्था अडखळते. ऑर्गच्या तक्त्यात एका सेलचा मजकूर एकाच ओळीत असावा लागतो, त्यामुळे शेऱ्यांच्या रकान्यात कोणी सविस्तर लिहिले की तक्ता पडद्याबाहेर जातो. रकान्यात कोनी कंसात रुंदीचा आकडा लिहून तो आकसून दाखवण्याचा उपाय उपलब्ध आहे आणि फाइलीतला मजकूर त्याने शाबूत राहतो. परंतु वाचण्यासाठी झाकलेला मजकूर पुन्हा उघडावा लागणे ही वाचनीयता नव्हे, तडजोड आहे. मार्कडाउनसारखीच खूणव्यवस्था असलेल्या रिस्ट्रक्चर्डटेक्स्टच्या जाळीदार तक्त्यांत सेलमध्ये अनेक ओळी मावतात, तर त्याच्याच यादीवजा तक्त्यांत रेघा जुळवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही; लांब मजकुरासाठी मला ती रचना अधिक प्रामाणिक वाटते.

देवनागरीत लिहिणाऱ्यांची अडचण याहून खोल आहे. प्रत्येक अक्षर किती घरे व्यापते याचा हिशेब करून संपादक रिकाम्या जागा भरतो आणि समान रुंदीच्या रोमन टंकात तो हिशेब बिनचूक ठरतो. देवनागरीत मात्र वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे साठवलेल्या चिन्हांची संख्या आणि पडद्यावरची रुंदी यांचा मेळ बसत नाही. शिवाय देवनागरी अक्षरे बहुधा वेगळ्याच टंकातून येतात आणि त्यांची रुंदी रोमन घरांच्या पटीत नसते. परिणामी टॅब कितीही वेळा दाबला तरी रेघा थोड्या हलतच राहतात, आणि हाताने जागा कमी-जास्त करून त्या जुळवल्या तर पुढचाच टॅब ती मेहनत पुसून टाकतो. व्हीअलाइन नावाचे पूरक पॅकेज पिक्सेल मोजून रेघा सरळ दाखवते आणि माझ्या कामात ते अनिवार्य झाले आहे. तरी ते टर्मिनलमध्ये, म्हणजे केवळ अक्षरे दाखवणाऱ्या खिडकीत, चालत नाही, आणि त्याने बदलते ते फक्त दृश्य. तीच फाइल दुसऱ्या संपादकात उघडणाऱ्याला वाकड्याच रेघा दिसतात.

मार्कडाउनच्या फाइलीतही हीच कळ वापरण्यासाठी ऑर्गटेबल ही छोटी आवृत्ती आहे, पण ती आडव्या रेघेच्या छेदांवर अधिकचे चिन्ह घालते आणि मार्कडाउनला तेथे उभी रेघच हवी असते. हे ध्यानात न आल्यामुळे माझा एक तक्ता पानावर सलग परिच्छेद होऊन अवतरला होता.

फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये फाइली ठेवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट गृहीत धरावी. एका सेलमधला शब्द लांबला की रकाना रुंदावतो आणि तक्त्यातील प्रत्येक ओळ बदललेली दिसते, त्यामुळे खरा बदल शोधणे अवघड होते. रिकाम्या जागांकडे दुर्लक्ष करून फरक दाखवण्याचा पर्याय गिटमध्ये आहे; तो वापरूनही आडव्या रेघांची ओळ तेवढी बदललेलीच दिसते, कारण तेथे वाढलेली असतात ती वजाचिन्हे.